कॅप्टन थांबेल त्या दिवशी

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काम करणाऱ्याच्या अंगावर दिवसभर रुई बसत राहते. घरी जाऊन कितीही झटका, कानामागे थोडी उरतेच. आमच्या फुटबॉलचे किस्से तसेच आहेत. मी महागाव रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. आपल्या देशाच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन रिटायर झाला आणि चहाला बसल्या बसल्या एकेकाच्या कानामागचं सगळं बाहेर आलं.

*

फुटबॉल आमच्याकडे आला तो बोंडअळीमुळे. एरवी दिवाळीनंतर आवारात कापसाच्या अशा गंज्या लागतात की माणसाला वाट काढत चालावं लागतं. अळीने बोंडं पोखरली त्या वर्षी आवार मोकळं पडलं. मशीन आठवड्यातून दोन दिवस चालायची, बाकीचे दिवस आम्ही गेटकडे बघत बसायचो.

आमचा फिटर सत्तारभाई एकदा हॉटेलात क्रिकेट बघायला गेला. तिकडे पावसाने खेळ थांबला, हॉटेलवाल्याने चॅनल बदललं, आणि नेमका तेव्हाच कॅप्टनने गोल मारला. दुसऱ्या दिवशी सत्तारभाई चेंडू घेऊनच कामावर आला.

"पाहून पाहून गेट झिजलं यार," तो म्हणाला. "चला, पळा आता."

*

आमचा ग्रेडर बळीरामभाऊ. तांड्यावरचा माणूस, बोलणं मोजकं. गाडीतून कापूस उपसायचा, चिमटीत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी सांगायचा. त्याचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. ही सवय त्याने मैदानातही आणली. कॅप्टनला पहिल्यांदा टीव्हीवर पाहिलं तेव्हा त्याने चिमूट हवेतच धरून ओढली. मग म्हणाला, "धागा लांब हाये याचा."

सत्तारभाईला त्याने सांगितलं, "माल चांगला हाये, पन ओल हाये." ओला कापूस वजनाला जड असतो. मी विचारलं, "अन् मी?" त्याने मला खालून वरपर्यंत पाहिलं. "कवडी." म्हणजे किडका कापूस, जो आम्ही बाजूला काढतो. तेव्हापासून मी राखीव खेळाडू आहे.

*

जर्सीवर नंबर टाकायला पैसे कोण देणार? सत्तारभाईने प्रेसमध्ये दाबलेल्या कापसाच्या गाठींवर नंबर मारायचा कोरीव पत्रा आणि काळी शाई आणली आणि आम्हाला ओळीने भिंतीकडे तोंड करून उभं केलं. जर्सी अंगातून काढून मग नंबर मारावा, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. गाठीच्या अंगावर मारतात, तसा त्याने मारला. शाई जर्सीतून बनियनमध्ये आणि बनियनमधून पाठीत उतरली.

महिन्याभराने बळीरामभाऊ ताप आला म्हणून दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी पाठ तपासायला शर्ट वर केला आणि विचारलं, "हे काय आहे?" सोबत त्याची बायको कमलबाई होती. ती शांतपणे म्हणाली, "प्रेसमधून निघालेला माल हाये साहेब. ट्रक यायचा हाये."

*

पुढे बळीरामभाऊचा गुडघा सुजायला लागला. कमलबाईने एका संध्याकाळी आम्हा सगळ्यांसमोर विचारलं, "कवा थांबता तुमी?"

"कॅप्टन थांबल त्या दिवशी," तो म्हणाला.

"देल्ला शब्द?"

"देल्ला."

कॅप्टन त्याच्याहून थोडा मोठाच, त्यामुळे कमलबाईला वाटलं, आता वर्षभराचा प्रश्न. कसलं वर्षभर! कॅप्टन खेळतच राहिला. ती बिचारी जिनिंगच्या ऑफिसातल्या टीव्हीवर प्रत्येक मॅच बघायला यायची, फक्त तो थांबतो का हे पाहायला. अशी किती वर्षं गेली. शेवटी शेवटी पंचाने झेंडा वर करायच्या आधी ती "ऑफसाइड" म्हणायची आणि पुन्हा पुढ्यातला कापूस निवडायला लागायची. आमच्या खेळालाही ती कुंपणापाशी बसायची आणि नवऱ्यावर ओरडायची, "पायाकडे कायले पाहून राह्यले? चेंडू पाहा ना."

*

कॅप्टनने शेवटची मॅच जाहीर केली ते साल पुन्हा वाईट होतं. आमच्यातले चौघं कामासाठी पुण्याकडे गेले होते, मशीन बंद होती. मॅच आम्ही ऑफिसात पाहिली. संपल्यावर कॅप्टन डोळे पुसत मैदानाबाहेर चालला, आणि सत्तारभाईला राहवलं नाही. त्याने जाऊन जिनिंगचा भोंगा वाजवला. चांगला लांब, तीन वेळा.

सकाळी गेटवर सहा बैलगाड्या आणि दोन टेम्पो उभे! भोंगा ऐकून आजूबाजूच्या गावांना वाटलं, खरेदी सुरू झाली. भाव येईल म्हणून घरात राखून ठेवलेला कापूस लोक घेऊन आले होते. मालक आधी सत्तारभाईकडे बघत राहिले, मग गाड्यांकडे. मग म्हणाले, "आलाच आहे तर घ्या." चार दिवस मशीन चालली. मला खरंच फार बरं वाटलं.

त्या गडबडीत एक गोष्ट फक्त माझ्या लक्षात राहिली. मॅच संपली तेव्हा सगळ्यात जास्त कमलबाई रडली होती. "अजून एक साल खेळला असता तं काय झालं असतं," ती म्हणत होती.

*

त्या रविवारी जवळच्या फुलसावंगी गावाची टीम आमच्या आवारात आली. सात-सात जणांचा खेळ. पुण्याला गेलेले सोडले तर आमच्याकडे मला धरून बरोबर सात उरत होते, त्यातला एक बळीरामभाऊ. तो आला, पण इस्त्रीचा शर्ट घालून, आणि कुंपणाबाहेरच उभा राहिला. शब्द म्हणजे शब्द. आग्रह कोणी केला नाही. सहा जणांची टीम किती रविवार टिकेल हे आम्हाला दिसत होतं. आज खेळ मोडला असता तर तो पुन्हा जमला नसता.

फुलसावंगीच्या टीममधला एक जण म्हणाला, "सहा जनं कायले खेळता? ऱ्हाऊ द्या."

तेवढ्यात कुंपणापाशी बसलेली कमलबाई उठली. पिशवीतून तिने बळीरामभाऊची धुतलेली जर्सी काढली आणि वेचणीला जाताना लुगड्यावर शर्ट चढवतात तशी चढवली. पदर खोचला आणि चालत थेट गोलमध्ये जाऊन उभी राहिली.

"कमल," बळीरामभाऊ कुंपणावरून म्हणाला, "आपला शब्द झालता."

"तुमचा झालता," ती म्हणाली. "म्या कोनालेच शब्द देल्ला नाई."

शिट्टी वाजली. फुलसावंगीचा पहिलाच फटका सरळ तिच्याकडे निघाला, आणि कुंपणाबाहेरून बळीरामभाऊ इस्त्रीच्या शर्टात ओरडला, "पायाकडे कायले पाहून राह्यली? चेंडू पाह ना!"