कच्ची भाजणी

कारखान्यात त्याला सगळे भट्टीमामा म्हणत. सव्वीस वर्षं भट्टीच्या दारात उभं राहून भुवया केव्हाच जळून गेल्या होत्या. लोखंडावर रंगाची पूड उडवायची, मग ते भट्टीत भाजायचं. पूड वितळून कातडीसारखी धरली की गंजाला आत शिरायला वाट राहत नाही. कमी भाजलं तर वरून तकाकी, आतून कच्चं. जास्त भाजलं तर पिवळं पडून तडकतं.

"भट्टीचा काटा आतल्या हवेची गरमी दाखवतो, लोखंडाची नाही," हे तो प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचा. जाड नळी सावकाश तापते. ती तापली की मग घड्याळ बघून वीस मिनिटं मोजायची.

पोटच्या पोरालाही त्याने हेच शिकवलं होतं. ते पोरगं आता तिथंच सुपरवायझर होतं.

पुलाच्या कठड्याच्या नळ्या आल्या, त्याही घाईच्या. पोराने दार लागल्यापासून दहा मिनिटं मोजली आणि माल बाहेर काढायला लावला. मामाने थिनरचा बोळा नळीवर घासला. नळीचा रंग सुटून बोळा निळा झाला.

"कच्चंय रे. परत आत घाल."

"बाबा, चकाकतंय ना? वेळेत गेलं नाही तर वरचे माझी नोकरी खातील. करा सही."

"तूच कर की. साहेब आहेस."

"भाजणीच्या कागदावर भट्टीवाल्याचीच लागते. घरात दोन लेकरं आहेत माझी, तुम्हाला माहितीय."

मामाने 'वीस मिनिटं' असं लिहून सही ठोकली.

पुलाखाली खारं पाणी. वर्षाच्या आत रंगाला फोड आले, नखाने साल निघायला लागली. चौकशी बसली.

"सही तुमची?"

"माझीच."

"वीस मिनिटं भाजून एवढं कच्चं कसं राहिलं?"

पोरगं शेजारच्या खुर्चीत नखं बघत बसलं होतं. ते काही बोलतं का, म्हणून मामा जरा थांबला. मग म्हणाला, "मोजण्यात माझी चूक झाली असेल. वय झालं आता."

संध्याकाळी त्याला घरी बसवल्याचा कागद हातात पडला. बापलेक फाटकाबाहेर आले.

"बाबा, उपकार झाले."

"भट्टीवर आता कोण?"

"आहे एक नवा. काही विचारत नाही."

"मग तुझं बरं चालेल," असं म्हणून मामा रस्ता ओलांडून एकटाच चालायला लागला.