तेवीस हार आणि एक चूक

बासिलने एका तासात तेवीस हार विकले, आणि तिथेच सगळं बिघडलं.

त्याचं झालं असं, की नेस्टावहिनीची दाढ ठणकत होती आणि नेमकं त्याच दिवशी औकी बंदराच्या धक्क्याला गोऱ्या प्रवाशांचं जहाज लागलं. दाढ काढायला जाताना वहिनीने बाजारातलं आपलं बाकडं धाकट्या दिराच्या, बासिलच्या, हवाली केलं. म्हणाली, "नुसता बसून राहा. कुणी विचारलं तर दीडशे सांग. बाकी तोंड उघडू नकोस."

आता बासिल नुकताच राजधानीहून, होनियाराहून, तीन दिवसांचं व्यापार-शिबिर करून आला होता. तिथे दोन वेळचा भात-मासा, एक वही आणि एक सूत्र फुकट मिळालं होतं. सामान अधिक मजुरी, त्यावर एकतृतीयांश नफा, झाली किंमत. हे सूत्र त्याने वहिनीच्या शिंपल्यांच्या हाराला लावूनही बघितलं होतं. शिंपले आणि दोरा पस्तीस डॉलर. मजुरीचे तास अकरा. बायका गप्पा मारत, सुपारी चघळत काम करतात, तेव्हा तासाला दोन डॉलर पुष्कळ झाले, असं त्याने स्वतःच ठरवलं. नफा धरून सगळं मिळून शहात्तर. मग दीडशे कशाला? वहिनीची पाठ वळताच त्याने पुठ्ठ्यावर कोळशाने 'शंभर' असं भलंमोठं लिहिलं आणि पुठ्ठा डोक्यावर धरून उभा राहिला.

जहाजावरचे लोक मुंग्यांसारखे त्याच्याकडे आले. रांगेत असेच हार घेऊन बसलेल्या बाकी सहा बायकांसमोर एक चिटपाखरू फिरकलं नाही. तासाभराने जहाजाने भोंगा दिला आणि सगळे निघून गेले.

नेस्टावहिनी परतली तेव्हा तिचा गाल पपईएवढा झाला होता आणि तोंडात कापसाचा बोळा होता. रिकामं बाकडं पाहिलं, पुठ्ठा पाहिला, मग तिने शेजारच्या बायकांकडे पाहिलं. सहाही जणी समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या. बासिलने नोटा पुढे केल्या. "तेवीसशे, वहिनी! मोजून घे!"

वहिनीला बोलता येत नव्हतं. बासिलला वाटलं, आनंदाने तिचा कंठ दाटून आला.

नेस्टावहिनी मुळातच कमी बोलणारी. लंगालंगाच्या खाडीत, दगड रचून केलेल्या बेटावर तिचं घर. घरामागे खाचा पडलेला एक दगड. त्या दगडावर, ओल्या वाळूत, ती तीस वर्षं शिंपल्यांच्या चकत्या घासत आली होती. शिंपला फोडायचा, चकती करायची, तापल्या दगडावर भाजून लाल करायची, भोक पाडायचं, ओवायचं, आणि मग घासत बसायचं, सगळ्या चकत्या बोटाला एकसारख्या लागेपर्यंत. डोळे मिटून नुसतं बोट फिरवून कुठली चकती जाड राहिली ते ती सांगे. बासिलच्या भावाशी, अल्फोन्सशी, तिचं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी आणलेला ताफुलिए तिने असाच बोटाने तपासला होता आणि दोन चकत्या बदलून मागितल्या होत्या. ताफुलिए म्हणजे दहा पदरांची, दोन्ही हात पसरल्याएवढी लांब माळ. लग्न ठरवायचं तर तीच द्यायची, आणि भांडण मिटवायचं तरी तीच.

आणि भांडण आता झालं होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी बाजारात गेली तर रांगेत सहाच बाकडी होती. तिचं बाकडं पार टोकाला, मासेवाल्यांच्या पलीकडे, उन्हात नेऊन ठेवलं होतं. हाराचा दर दरवर्षी ईस्टरनंतर सगळ्या मिळून ठरवत आणि तो वर्षभर कुणी मोडत नसे. सगळ्यांत वडीलधारी फेलिस्तामावशी. ती कुणावर ओरडली नाही. "एक ताफुलिए," एवढंच म्हणाली. "तो येईपर्यंत नेस्टा तिथे."

मासे घ्यायला येणारं कोण हार घेतं? आठवडाभरात वहिनीचा एक हार गेला, तोही एका म्हाताऱ्याने जाळं बांधायला नेला.

"ज्याने केलं तो भरेल," अल्फोन्सदादाने निकाल दिला आणि मासेमारीला निघून गेला.

बासिल वहिनीकडे आला. तिचा गाल आता उतरला होता, त्यामुळे ती बोलू शकत होती. त्याच्या दृष्टीने हे वाईटच.

"वहिनी, एक ताफुलिए करून दे. बाजारात बाराशेला मिळतो, मी बाराशे देतो."

"वही आण," वहिनी म्हणाली.

त्याने वही आणली.

"शिंपले पाचशेचे. तास तीनशे. तू आपली इंजिनाची होडी भाड्याने देतोस, तिच्यात नुसता बसतोस, त्याचे तासाला किती घेतोस?"

"पंचवीस. पण ते—"

"पंचवीस लिही. वर एकतृतीयांश नफा. तुझ्या शिबिरात शिकवलं तसा."

बासिलने लिहिलं. मग पुन्हा गुणाकार केला. मग वही उलटी धरून पाहिली. "दहा हजार सहाशे सहासष्ट?"

"आणि सदुसष्ट सेंट. ते सोडले, घरचा माणूस म्हणून."

"हे काय, वहिनी! बाजारात स्पर्धा असते!"

"असते ना. जा, दुसरीकडे विचार."

तो गेला. पण ताफुलिए करणार कोण? त्याच सहा बायका. पहिलीने काम न थांबवता सांगितलं, "दहा हजार सहाशे सहासष्ट." दुसरीने तेच. तिसरीला त्याने विचारायच्या आत तिने आकडा सांगितला. चौथी म्हणाली, "सेंट सोडलेत हं आम्ही सगळ्यांनी." रात्रीतून वही सगळ्या बेटांवर फिरून आली होती.

शेवटी तो फेलिस्तामावशीपुढे बसला. "मावशी, घेणारी तू आणि विकणारीही तूच. तुझ्या पेटीत ताफुलिए आहे. तो तिथेच राहू दे आणि माझ्याकडून बाराशे डॉलर घे. मिटलं!"

मावशीने सुपारीची पिंक टाकली. "डॉलर? अरे, डॉलरने रॉकेल येतं. राग कसा जाईल?"

"मग तुझा ताफुलिए मला विक, मी तुलाच देतो."

"विकते की. दहा हजार—"

"राहू दे, मावशी."

संध्याकाळी तो वहिनीच्या अंगणात आला आणि खाचांच्या दगडाशेजारी उकिडवा बसला. म्हणाला, "वही म्हणते मजुरी तासाला दोन डॉलर."

"म्हणते खरी," वहिनी म्हणाली. "मग दोन डॉलरने तूच कर." आणि तिने वाळूची करवंटी त्याच्याकडे सरकवली.

बासिलने होडीच्या भाड्यातून शिंपले घेतले आणि तो घासायला बसला. पहिल्या महिन्यात त्याच्या चकत्या अंडाकृती झाल्या. शिंपले भाजताना अर्धे जळाले. बायका मुद्दाम वाट वाकडी करून होड्या वहिनीच्या अंगणासमोरून नेत. "काय बासिल, गप्पा मारतोयस की काम?" एकीने तर पुठ्ठ्यावर 'दोन' लिहून डोक्यावर धरला. त्याला हसायलाही फुरसत नव्हती, बोटांची सालं गेली होती आणि वहिनी दर संध्याकाळी डोळे मिटून त्याच्या पदरावर बोट फिरवी आणि म्हणे, "ही जाड. ही पण. ही तर चकतीच नाही."

मध्ये नाताळ गेला. तीनशे तासांच्या कामाला त्याला सातशे तास लागले. वहीत तास तो लिहीत गेला, पण पुढे पुढे त्यांना दोनने गुणायचं सोडून दिलं, कारण गुणलं की त्याला रडू येई.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांच्या, शेवटच्या आठवड्यात तो ताफुलिए घेऊन बाजारात गेला. फेलिस्तामावशीने माळ दोन्ही हातांत ताणली, एक चकती दाताने चावून पाहिली, सगळ्यांना दाखवली आणि गळ्यात घातली. मग उठली, आणि सहाही जणींनी मिळून नेस्टाचं बाकडं उचलून रांगेत आणलं. एकीने तिच्यापुढे उकडलेला कसाव्याचा कंद ठेवला.

ईस्टरनंतर दर ठरवायला बसल्या तेव्हा मावशीने बासिलचीच वही मागवली. दोन डॉलरवर काट मारली, सातशे तासांच्या पानावर बराच वेळ बोट ठेवलं, आणि हाराचा दर झाला दोनशे वीस. पुढच्या जहाजाला वहिनीचे तेराच हार गेले. बासिलने तेरा गुणिले दोनशे वीस करून पाहिलं आणि तेवीसशेचं आपलं मोठेपण मुकाट्याने गिळलं.

पण त्याच्याकडे एक गोष्ट उरली होती. दहा पदरांच्या नादात मोजताना चूक होऊन त्याने अकरा पदर घासले होते. तो अकरावा पदर घेऊन तो वहिनीच्या बाकड्याशी आला. डोळे मिटून वहिनीने त्यावरून बोट फिरवलं. टोकापासून टोकापर्यंत. कुठेही थांबली नाही.

बासिलची छाती फुगली. "वहिनी, याला किती दर लावू?"

"विकू नकोस," वहिनी म्हणाली, "पुढच्या चुकीला लागेल."