रंजनाचा फॉर्म मी असा भरला

"दोन पोरीच आहेत ना? म्हणजे तपासून आली असशील. आम्हाला जेलात पाठवायचंय का?"

अमरावतीच्या दवाखान्यात, सगळ्या रांगेसमोर, डॉक्टरबाई गर्भपातासाठी आलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला म्हणाल्या. रंजना मान खाली घालून उभी. शेजारी मी, आशा वर्करच्या साडीत. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळत नाही. मला माहीत होतं, त्यांना तर होतंच. तिला तिसरं मूल नको होतं, बस. तरी मी गप्प राहिले.

"नवऱ्याला आण. त्याची सही लागते."

खरं सांगते, गेली आठ वर्षं भातकुलीजवळच्या आमच्या गावात मीही बायांना हेच सांगत होते. ट्रेनिंगच्या मॅडमनी सांगितलं, मी मान डोलावली. याच डॉक्टरबाईंच्या नसबंदी कॅम्पसाठी मी घरोघर फिरून बाया आणल्या होत्या. तेव्हा मी त्यांची "आपली आशाताई" होते.

गावातच दिलेली रंजना. तिचा नवरा म्हणाला, "सही कायची? या खेपेले पोरगाच होते." मेडिकलवाल्यांनी धाडीच्या भीतीनं गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलेलं. महिन्याभरानं तिनं कुण्या बाईकडून पोट पाडून घेतलं. मला न सांगता. सांगून काय फायदा होता? मी पुन्हा सहीच मागितली असती.

तापानं फणफणली. अमरावतीनं अकोल्याला पाठवलं. वाटेत गाडीत म्हणाली, "बाई, माह्या पोरीयले शाळेतून काढू देऊ नोको." दुसऱ्या दिवशी गेली.

अकोल्याचा तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "आधीच का नाही केलं? यांची एकटीची सही पुरली असती. कायदा तुमच्या जन्माआधीपासून आहे."

माझ्याच लोकांनी मला फसवलं, आणि माझ्याच तोंडून माझ्या बहिणीला.

गरोदरपणात बाई मेली की चौकशीचा फॉर्म भरतात. माहिती आशा देते. आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले, "उशिरा आली असं लिहा. घरच्यांचा निष्काळजीपणा. उगाच वाढवू नका."

मी लिहिलं: नवव्या आठवड्यात आली होती. दवाखान्यानं नवऱ्याच्या सहीसाठी परत पाठवली. आशा वर्कर सोबत होती, तिनं विरोध केला नाही.

"खोडा हे. काम जाईल तुमचं."

"जाऊ द्या. मी नाई खोडत."

साहेबांनी फॉर्म ओढला. तोवर मी त्याचा फोटो काढून जिल्ह्याच्या ऑफिसात पाठवला होता.

आता मी ज्या-ज्या दारात ते खोटं बोलले, त्या-त्या दारात परत जाते. "सही तुही लागते माय, दुसऱ्या कोनाची नाई." काही बाया माझ्या तोंडावर विचारतात, "मंग तवा काहून नाई सांगितलं?" मी ऐकून घेते. पण यापुढे त्या दवाखान्यातून एकीलाही परत पाठवलं, तर मी तिथून हलणार नाही. पोलीस बोलवायचे तर बोलवोत.