आधी माझं म्हणणं सांग

दुर्गापुऱ्याच्या स्टेशनामागे आमची रेल्वेची क्वार्टरं होती. ऐंशीच्या दशकात जयपुरात बदलून आलेल्या मराठी माणसांना एकमेकांशिवाय होतं तरी कोण? म्हणून एकमेकांशी अजिबात न पटणारी तीन माणसं दर रविवारी सकाळी आमच्या व्हरांड्यात बसायची. आमचे बाबा लाल झेंड्याचे. जगात जाती दोनच, राबणारे आणि राबवणारे, बाकी सगळं थोतांड, हे त्यांचं मत म्हणजे दगडावरची रेघ. शेजारच्या क्वार्टरमधले काका नागपूरकडचे, बौद्ध. बाबांसारखेच असिस्टंट स्टेशन मास्तर, पण नोकरीत त्यांना ज्युनिअर. त्यांचा सगळा भरवसा राज्यघटनेवर. तिसरे लष्करातले सुभेदार. देश आधी, शिस्त आधी, उरलेलं नंतर. ते येताना राजा पार्कातून कचोऱ्या आणायचे, त्यामुळे लहानपणी मला त्यांचीच विचारसरणी सगळ्यात पटायची.

भांडायचे तिघंही कडकडून, पण नियमाने. नियम बाबांनी ड्युटीवरून उचलून घरी आणला होता. पुढच्या स्टेशनाकडून फोनवर गाडीचा निरोप आला की मास्तर तो आधी जसाच्या तसा परत म्हणून दाखवतो. पलीकडच्याला बरोबर वाटला, तर तो आपल्या तक्त्यातला एक आकडा देतो, खूण म्हणून. आकडा मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही. व्हरांड्यातही तेच. समोरच्याचं म्हणणं आधी तुम्ही सांगायचं, आणि तेही त्याला पटेल असं. त्याने आकडा दिला की मग खुशाल चिंधड्या करा.

सुभेदारांच्या तोंडून मी साम्यवाद ऐकलाय आणि बाबांच्या तोंडून राष्ट्रवाद. मतलब काय सांगू, दोन्ही वेळा मला पटलाय. पुढे कॉलेजात राज्यशास्त्राचे मोठे विद्वान भेटले, पण या तिघांची सर एकालाही नव्हती.

नव्वदीच्या सुरुवातीला, मी अकरावीत असताना स्टेशन मास्तरची एक जागा निघाली. ती राखीव होती, काकांना मिळाली. तीन वर्षांनी सीनिअर असलेले बाबा मागे राहिले. बाबा घरात चकार शब्द बोलले नाहीत. मी मात्र पेटले होते. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि जिभेला काय, हाड नसतं. रविवारी काका पेढे घेऊन आले तेव्हा मी पेढा घेतला नाही. म्हटलं, "काका, आमच्या बाबांची जागा घेऊन कसं वाटतंय?"

सुभेदार खायचे थांबले. बाबा मला ओरडले नाहीत, आणि तेच सगळ्यात वाईट झालं. हे माझं एकटीचं बोलणं नाही, हे काकांना कळलं.

"पोरगी लहान हाये," ते शांतपणे म्हणाले. "दादा, तुमाले काय वाटते ते आता मीच सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. बाबांची इतक्या वर्षांची बिनचूक नोकरी, रजा न घेता केलेल्या ड्युट्या, कामगार सगळे एक म्हणून आयुष्यभर दिलेल्या घोषणा, आणि एका कागदाने त्याच कामगारांत काढलेली वेगळी रांग. काही म्हणून सोडलं नाही. शेवटी म्हणाले, "माह्यावर तुमचा राग नाही. पण तुमाले आनंदबी होत नाही, अन् त्याची लाज वाटते."

बाबांनी मान खाली घातली. "सत्तेचाळीस," म्हणाले.

आता पाळी बाबांची होती. आज आकडा मिळाला नाही तर काका पुन्हा आमची पायरी चढणार नाहीत, हे मला दिसत होतं.

बाबा पोटतिडकीने बोलले. काकांच्या आजोबांना पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता, वडील शाळेच्या दाराबाहेर बसून शिकले, पिढ्यान् पिढ्या अडवून ठेवलेला रस्ता घटनेने मोकळा केला, आणि ती मेहेरबानी नाही, हक्क आहे. लाल झेंड्याचा माणूस हे बोलतोय, यावर माझा विश्वास बसेना. मला वाटलं, झालं, आता आकडा येणार.

काकांनी मान डोलावली.

"सगळं बरोबर हाये, दादा. पण एक राह्यलं."

"काय?"

"मले काम येते, हे तुमी म्हटलंच नाही."

बाबांनी चष्मा काढला. आपली चूक अशी उघड्यावर पाहण्याची हिंमत मी त्या दिवसानंतर फार थोड्या माणसांत पाहिली.

"नाही म्हणालो, गड्या," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत एकदाही नाही म्हणालो. तुला काम येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं."

काकांनी आकड्याऐवजी एक पेढा बाबांच्या हातावर ठेवला.

आणि मी? दोन वर्षं मी याच माणसाकडून गणित शिकत होते. मलाही ते सुचलं नव्हतं.