व्हिनेगरची बाटली

धाराशिवच्या बसस्टँडसमोर चायनीजच्या गाड्यावरून व्हिनेगरचा वास आला की मला शिडाच्या बोटीवरचा समीर आठवतो. समुद्रावरचे प्रथमोपचार शिकायला आमचा गट निघाला होता. मी बेंबळीची, दुष्काळी भागातली, म्हणून तो मला सगळ्यांसमोर ‘टँकर’ म्हणायचा.

एका सकाळी पोहताना त्याच्या हाताला जेलीफिश डसली. उपचाराची पाळी नेमकी माझी. डंखावर ओतायच्या व्हिनेगरची बाटली धरून मी, शिकवल्याप्रमाणं, आधी परवानगी मागितली.

“टँकरनं हात लावला तर चालंल का?”

“चालेल ताई, ओता लवकर!” तो कळवळला.

“पूर्ण नाव? कशाची अ‍ॅलर्जी? सकाळी काय खाल्लं?” बाटलीचं झाकण तसंच ठेवून मी एकेक विचारत गेले.

घाबरले नाही म्हणून शिकवणाऱ्या सरांनी माझं कौतुक केलं. तेव्हा वाटलं, फिटलं सगळं. आता वाटतं, बाटली उघडायची जरा घाईच केली मी.