सिन्नरच्या लॅबमधले पोटभाडेकरू

लेथवर काम चालू असलं की खाली लोखंडाचा चुरा साठतच जातो. संध्याकाळी झाडून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. आमच्या लॅबमधल्या किश्श्यांचं तसंच आहे. मैत्रिणी फोनवर विचारतात, "काय गं मुक्ता, सिन्नरला काय चाललंय?" मी एक सांगायला घेते आणि त्याला चिकटून आणखी चार बाहेर येतात.

नव्या माणसासाठी थोडी ओळख. मी शिकले फिनलंडमध्ये. तिथल्या बर्फात बसून ठरवलं, की परत जायचं आणि आपल्याकडच्या मुलींना मशीनवर उभं करायचं. आले ती थेट सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला असलेल्या एका लहान प्रशिक्षण केंद्रात. इथे मुली सीएनसी मशीन शिकतात. त्या मशीनला प्रोग्राम दिला की ते लोखंड आपोआप कापतं. पण प्रोग्राम चुकला तर महागाचं टूल तुटतं, म्हणून आधी कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर हात बसवायचा. सिम्युलेटर नाही, तर बॅच नाही. इतकं साधं.

आमचे कॉम्प्युटर देणगीत आलेले, म्हातारे. नवं विंडोज त्यांना झेपेना, जुनं थेट टाकलं तर व्हायरस सुटेनात, आणि सिम्युलेटर इतका जुना की जुन्या विंडोजशिवाय चालेना. मी म्हटलं, विंडोजऐवजी लिनक्स टाकू! हलकं आहे, मोफत आहे आणि कुणाच्या मेहेरबानीवर नाही! लिनक्सच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन करू, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर. त्या खोट्यात जुनं विंडोज, आणि त्यात सिम्युलेटर.

संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब. खतांचे मोठे व्यापारी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, प्रॅक्टिकलपर्यंत तुला सूट. पण परीक्षेत एक जरी मुलगी अडली, तर तुझे कॉम्प्युटर भंगारात आणि या खोलीत माझ्या खताच्या गोण्या."

नानासाहेब बोलतात ते करतात, हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे.

*

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, हे नानासाहेबांना समजावणं हेच एक प्रॅक्टिकल होतं.

मी म्हटलं, "नाना, घर लिनक्सचं. त्यातली एक खोली विंडोजला दिलीय. वीज, पाणी सगळं लिनक्सकडूनच घ्यायचं. पण विंडोजला वाटतं, की हे आपलंच घर आहे."

"म्हणजे पोटभाडेकरू!"

"अगदी बरोबर!" मला केवढा आनंद झाला.

नानासाहेब चष्मा लावून स्क्रीनकडे वाकले. मग म्हणाले, "आयुष्यात एकच पोटभाडेकरू ठेवला होता मी. अजून कोर्टात तारखा चालूयेत."

*

पहिल्याच आठवड्यात मी मुलींपुढे जोरदार भाषण ठोकलं. हे सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरातल्या लोकांनी मिळून केलंय. ते तुमचंही आहे, माझंही आहे! बोलता बोलता मी टेबलावर हातसुद्धा आपटला.

मंदाने हात वर केला. मंदा पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची, सिन्नरला मावशीकडे राहून शिकते. कमी बोलते, पण बोलली की समोरच्याला बसायला खुर्ची लागते.

"मॅडम, मंग बिघडलं तर कोनाला सांगायचं?"

"कुणालाच नाही. आपणच दुरुस्त करायचं. ते सगळ्यांचं आहे ना!"

"आमच्या पाड्यावर हातपंप हाय, मॅडम. तो बी सगळ्यांचाच हाय."

"बघ! किती छान उदाहरण दिलंस!"

"म्हणून तर बंद हाय तो."

*

आणि मग ते बिघडलंच.

एका अपडेटनंतर व्हर्च्युअल मशीन उघडायला गेलं की स्क्रीनवर एकच ओळ यायची: हवी ती लायब्ररी, हव्या त्या व्हर्जनची, सापडली नाही. मी फळ्यापुढे उभी राहून समजावायला लागले, की प्रत्येक प्रोग्राम सगळं काम स्वतः करत नाही, बरीच कामं सामायिक लायब्ररींकडून करून घेतो, आणि त्या लायब्ररींची व्हर्जनं जुळावी लागतात. मुलींचे चेहरे कोरे.

मागे वाघ सर उभे होते. वाघ सर म्हणजे वर्कशॉपचे जुने मास्तर, हाताखालून निम्मी वसाहत गेलेली. ते म्हणाले, "पोरींनो, पान्यांचं कपाट समजा. सगळे त्याच कपाटातले पाने वापरत्यात. मॅडमच्या प्रोग्रामला चौदाचा पाना पाहिजे. कपाटात तेराचा हाय. बसंल का?"

"नाय सर!" सगळ्या एकसुरात.

"मोठा घेतला तर ढिल्ला होईल, बारका घेतला तर अडकंल. झालं. एवढंच इंग्रजीत लिवलंय तिथं."

त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये "लायब्ररी कॉन्फ्लिक्ट" असं कुणी म्हणत नाही. "पाना बसंना" म्हणतात. मी सुद्धा!

*

मी परदेशी लोकांच्या एका ऑनलाइन चर्चागटात प्रश्न टाकला. सगळा तपशील दिला. तासाभरात एका गृहस्थाचं उत्तर: इतक्या जुन्या गोष्टी कशाला चालवता? नवीन कॉम्प्युटर घ्या.

मी स्टाफरूममध्ये चिडून ते वाचून दाखवलं. वाघ सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी सांगतो ते लिहा, मॅडम. म्हणावं, आमचा लेथ तुझ्या आज्याच्या वयाचा हाय, अन् अजून केसभर माप चुकत नाय. तुझा आजा काय करतो आत्ता?"

शेवटचा प्रश्न गाळून बाकीचं भाषांतर मी टाकलं. त्या गृहस्थाने लेथचा फोटो मागितला. वाघ सर लेथ पुसून, शर्ट बदलून, बाजूला उभे राहिले.

मग काय! फोटोवर जगभरातून उत्तरं आली. कुणी लेथचं वय विचारलं, कुणी तेल कोणतं घालता ते विचारलं, एकाने तर विकत मागितला! वाघ सर आठवडाभर रोज विचारत होते, "आज कुठून आलं?"

लायब्ररीबद्दल एकानेही अवाक्षर काढलं नाही.

*

शेवटी मीच चिवटपणे एकेक व्हर्जन लावून बघायचं ठरवलं. पण केंद्रातलं नेट मोबाइलच्या जिवावर. म्हणून आई नाशिकला घरी फाइल उतरवून घ्यायची, पेन ड्राइव्ह माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकायची आणि पिशवी सिन्नरच्या एस.टी.त कंडक्टरच्या हवाली करायची. आमच्याकडे डबे असेच पोचतात.

आई शाळेतून निवृत्त झालेली. फोनवर मी फाइलचं नाव सांगत होते.

"लिब... मग डॅश... मग शून्य, डॉट, आठ, डॉट..."

"थांब. अजून किती आहे?"

"अर्धं झालंय, आई."

"अगं, एवढं लांब नाव ठेवलंय! बारशाला कुणी मोठं माणूस नव्हतं का?"

पहिल्या दिवशीचं व्हर्जन बसलं नाही. दुसऱ्या दिवशीचंही नाही. पुढे पुढे कंडक्टरला सगळी कथा पाठ झाली. मी सिन्नर स्टँडवर पिशवी घ्यायला गेले की तो खिडकीतूनच विचारायचा, "कालचं बसलं का, ताई?"

"नाही हो. आज त्याच्या पुढचं आणलंय."

"पुढं पुढं काय जाता? मागं या! आमच्या गाडीला बी नवा पार्ट टाकला की ती नाराज होती."

त्याचं ऐकून नाही, पण सगळे पर्याय संपले म्हणून मी आईला मागचं व्हर्जन उतरवायला सांगितलं. बसलं! सगळ्या मशीनवर सिम्युलेटर उघडला. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन स्टँडवर गेले, तर कंडक्टरची ड्यूटी बदललेली. नव्या कंडक्टरला काही कळेना, पण पेढे त्याने घेतले.

*

नंतर परीक्षा तोंडावर आली आणि एके दिवशी निम्म्या मशीनवर पुन्हा तीच ओळ. पाना बसंना!

 मी तर सगळीकडे तीच लायब्ररी टाकली होती. कोणता प्रोग्राम कोणती लायब्ररी कुठून उचलतो, ते दाखवणारी एक कमांड असते. ती चालवली. प्रोग्राम मी टाकलेल्या लायब्ररीकडे जातच नव्हता. त्याआधी एक फोल्डर लागत होतं, त्यात त्याच नावाची, पण चुकीच्या व्हर्जनची फाइल कुणीतरी ठेवली होती. प्रोग्राम बिचारा पहिली सापडेल ती उचलत होता.

"हे कुणी ठेवलं?"

"मीच," वाघ सर शांतपणे म्हणाले.

"सर! का?"

"तुम्ही काढून टाकलेली ना ती? नवा पार्ट बसवला तरी जुना फेकायचा नाय. हाताशी ठेवायचा. वर्कशॉपचा नियम हाय."

"पण याच फोल्डरमध्ये?"

"हाताशी म्हंजे हाताशी. तुम्हीच शिकवलं होतं, मशीन आधी कुठं बघतं ते. म्हटलं, शोधाशोध नको."

आणि चांगली सवय एकट्यापुरती का ठेवायची, म्हणून त्यांनी निम्म्या मुलींकडूनही तेच करून घेतलं होतं! बाकीच्या मुली त्या दिवशी गैरहजर होत्या, म्हणून त्यांची मशीन वाचली.

मी एकेक फाइल काढली. वाघ सर खांद्यावरून बघत होते. शेवटची गेल्यावर हळूच म्हणाले, "कायमची नाय ना घालवली?"

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळी मशीन नीट चालत होती. मी जाहीर केलं, की आता कशालाही हात लावायचा नाही. दुपारी नानासाहेब पाहणीला आले. फिरत फिरत मंदाच्या मशीनपाशी थांबले. तेवढ्यात मला ऑफिसमध्ये फोन आला. परत आले तर नानासाहेब खुशीत.

"काहीतरी विचारत होतं ते. मी हो म्हणून टाकलं."

"काय विचारत होतं?"

"इंग्रजीत होतं. पण इतक्या अदबीनं विचारत होतं, की नाही म्हणवेना."

मी धावत जाऊन बघितलं. सिम्युलेटर उघडत होता. सगळं ठीक दिसत होतं. मी निःश्वास टाकला.

*

परीक्षेच्या सकाळी वीज गेली आणि आली. सगळी मशीन बंद होऊन पुन्हा चालू झाली. नानासाहेबांनी ज्याला हो म्हटलं होतं तो अपडेट मशीन पुन्हा चालू होण्याचीच वाट बघत होता, हे मला पेपर सुरू झाल्यावर कळलं, म्हणजे उशिरा.

बाहेरून आलेले परीक्षक कडक. "पेपर सुरू झाला की शिक्षक बाहेर. मशीन बंद पडलं तरी वेळ वाढवून मिळणार नाही." मी आणि वाघ सर खिडकीबाहेर उभे. नानासाहेबही आले. गेटात एक टेम्पो येऊन थांबला होता, खताच्या गोण्यांनी गच्च भरलेला. नानासाहेबांनी तो आधीच बोलावून ठेवला होता. म्हणाले, "माणसानं तयारीत असावं."

बाकी सगळ्या मुलींचे सिम्युलेटर उघडले. मंदाच्या स्क्रीनवर एकच ओळ.

"मॅडम, चौदाचा..." वाघ सर पुटपुटले.

मी खिडकीचा गज घट्ट धरला. ओरडून सांगावं तर पोरीची परीक्षाच रद्द व्हायची. गेटातून टेम्पोवाला हॉर्न देत होता.

मंदाने ओळ वाचली. पुन्हा वाचली. मुलींना मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड देऊ नका, असं मला संस्थेत प्रत्येकाने बजावलं होतं. मी दिला होता. त्याशिवाय एवढा खटाटोप कशासाठी? मंदाने स्क्रीनवर कमांड लिहायची काळी खिडकी उघडली, लायब्ररी कुठून उचलली जाते ते बघितलं. अपडेटने नवी आणून ठेवली होती. आधीच्या व्हर्जनचं पॅकेज मशीनने आतल्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेलं असतं. ते तिने शोधलं, परत बसवलं, पासवर्ड टाकला. परीक्षक तिच्या मागे येऊन उभे राहिले. ती मागे वळलीसुद्धा नाही.

सिम्युलेटर उघडला.

बाकीच्या मुलींचं काम अर्ध्यावर आलं होतं. मंदाने ओढणी खोचली आणि प्रोग्राम लिहायला घेतला. शेवटची घंटा झाली तेव्हा तिच्या स्क्रीनवरचं खोटं टूल खोट्या लोखंडावरचा शेवटचा कट पूर्ण करून जागेवर परत येत होतं. परीक्षकांनी माप तपासलं, सही केली आणि पुढे गेले.

मुली बाहेर आल्या. नानासाहेब व्हरांड्यात आडवे उभे राहिले.

"मंदे, इकडं ये. खरं सांगायचं. अडली होतीस ना तू?"

 वाघ सरांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

"नाय, नाना," मंदा म्हणाली. "मशीन अडलं व्हतं. मी कुठं अडले?"

नानासाहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग व्हरांड्याच्या कठड्यापाशी गेले आणि गेटाकडे बघून ओरडले,

"वळव रे तो टेम्पो!"