साडेसातचं जेवण

खरं सांगायचं तर मी जळत होते. उगाच मोठेपणा कशाला? विश्रामबागेतल्या ठिबक सिंचनाच्या कंपनीत चौदा वर्षं मी गावं पालथी घातली, आणि साहेबांनी विभागप्रमुख केलं ते आठ महिन्यांपूर्वी आलेल्या पोरीला.

"तिच्या महिन्याला ऐंशी भेटी, तुमच्या वीस," साहेब म्हणाले. त्यांच्या मोबाइलवर आम्हा दोघींच्या भेटींच्या रेघा शेजारीशेजारी होत्या. माझी आखूड.

आखूड असणारच की! ती बांधावर उभी राहून फोटो काढायची आणि पुढच्या गावाला. मी शेतकऱ्याबरोबर अख्खं रान तुडवायचे, मग त्याच्या घराच्या सोप्यात बसून कागदावर रानाचा नकाशा काढायचे. विहीर, द्राक्षबाग, हळद, गोठा, सगळं रंगवून. कुणाच्या कारभारणीला शेवंतीचा वाफा हवा असला तर नळी तिथंही न्यायची. लोकांनी ते नकाशे भिंतीला लावले. साहेबांना एक दाखवला, तर म्हणाले, "छंद चांगला आहे. पण ऑफिसच्या वेळेत नको." अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यात ती पोरगी गुणाची निघाली, हे तर आणखीच वाईट. डबा वाटून खायची, 'ताई, ताई' करत मागं असायची. आगाऊ असती तर मला जळायला बरं पडलं असतं.

पुढं तिनं कंपनीच्या हॉलमध्ये मेळावा ठरवला. नदीकाठच्या एका गावातल्या पस्तीस घरांची रानं एकाच योजनेत घ्यायची होती, त्यासाठी सगळ्यांचा होकार हवा होता. गाव बहुतेक जैन शेतकऱ्यांचं. आमंत्रणाचं कार्ड घेऊन ती माझ्याकडं आली. "ताई, एकदा बघता? काही चुकलं असेल तर सांगा."

कार्यक्रम पाच वाजता. भोजन साडेसातला.

त्या गावात दिवस मावळल्यावर कुणी घास तोंडात घालत नाही. हे मला माहीत नसेल तर कुणाला? तिथल्या एका अण्णांच्या घरून मी साडेपाचला जेवल्याशिवाय कधी बाहेर पडले नव्हते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण वाढायला स्वतः उभा राहायचा.

मी कार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हटलं, "छान झालंय." आपटू दे एकदा. कळू दे साहेबांना.

मेळाव्याला झाडून सगळे आले, बायकामाणसांसकट. पडद्यावर तक्ते सरकत होते. सहा वाजले, सव्वासहा झाले. माणसं खिडकीकडं बघायला लागली. मला आतून गुदगुल्या होत होत्या. सांगायला लाज वाटते, पण होत होत्या. दिवस बुडाला. साडेसातला ताटं मांडली, तर एकही जण ताटाकडं गेला नाही. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब मात्र माझ्या कानाशी लागले, "बघितलंत? पस्तीसच्या पस्तीस घरं आली. याला म्हणतात काम!"

अण्णा काठी टेकत दाराकडं निघाले होते. त्यांना साखरेचा आजार. मी धावतच गेले. "आवं अण्णा, घरनं खाऊन यायचं न्हाई व्हय?"

ते थांबले. "कार्डावर साडेसात बघून आमी फोन करून इचारलं व्हतं, आपल्या ताई हायत का तिथं. हायत म्हणाले. मग काय, म्हटलं, जेवणाचं येळेत हुतंय. सगळ्या गावाला मीच सांगितलं, उपाशी चला."

"त्या पोरीचं चुकलं, अण्णा," मी पुटपुटले.

"तिला काय ठावं?" अण्णा म्हणाले. "तुमाला ठावं व्हतं."

आणि ते गाडीत जाऊन बसले. त्या घरी मी पुन्हा गेले नाही. त्यांनीही बोलावलं नाही.